लोण्याचा डोंगर आणि भुकटीचा बर्फ

२३ जानेवारी २०१७. या तारखेचे ब्रसेल्समधले फोटो सर्च करून बघा. युरोपियन युनियनच्या कौन्सिलची काचेची भलीमोठी इमारत, समोर ट्रॅक्टर, आणि सगळीकडे पांढरंशुभ्र. वाटेल, काय मस्त बर्फ पडलाय! पण तो बर्फ नाही, दुधाची भुकटी आहे. शेतकऱ्यांनी यंत्र लावून ती इमारतीच्या दिशेने उडवली होती. कारण युनियनने आपल्या गोदामांत साठवलेली भुकटी विकायला काढली होती, आणि ती बाजारात आली की जरा कुठे सावरलेला दुधाचा भाव पुन्हा बसणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

ही काही पहिली वेळ नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये याच शहरात शेतकऱ्यांनी युरोपियन पार्लमेंटच्या इमारतीवर आणि बंदोबस्ताच्या पोलिसांवर पाइपाने दुधाचे फवारे मारले होते. त्याआधी सप्टेंबर २००९ मध्ये बेल्जियममधल्या सिने या गावाजवळ ट्रॅक्टरला टँकर जोडून सुमारे ३० लाख लिटर दूध शेतात ओतलं गेलं.

दूध ओतण्याची दृश्यं आपल्यालाही नवी नाहीत. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, तेव्हा रस्त्यावर दुधाचे पाट वाहिले होते. त्या व्हिडिओंखाली एक कमेंट हमखास असते : 'ओतण्यापेक्षा गरिबांना वाटा ना!' तुम्ही स्वतः केली नसेल, तर लाइक तरी केली असेल. गंमत म्हणजे युरोपने नेमकं हेच करून पाहिलंय. नको असलेलं दूध त्यांनी जगभरच्या गरिबांना वाटलं, स्वस्तात विकलं, वासरांना पाजलं, गोदामात साठवलं. प्रश्न सुटला नाही. तो का सुटला नाही, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

कॅन्टीनचे वडे

दुसऱ्या महायुद्धात युरोपने उपासमार बघितली होती. नेदरलँड्समध्ये तर १९४४-४५ च्या हिवाळ्यात लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. पुन्हा तशी वेळ नको, म्हणून १९६२ मध्ये युरोपियन समुदायाने सामाईक कृषी धोरण आणलं, आणि १९६८ मध्ये दुधासाठी एकच बाजार आणि एकच नियम लागू झाले. नियम साधा होता. बाजारात लोणी आणि भुकटीचा भाव ठरलेल्या पातळीच्या खाली गेला, की सरकारी यंत्रणा त्या भावाने माल विकत घेणार. कितीही असला तरी.

समजा, तुमच्या कॉलेजच्या कॅन्टीनवाल्याला प्राचार्यांनी सांगितलं, 'हवे तेवढे वडे तळा, उरतील ते कॉलेज ठरलेल्या भावाने घेईल.' पहिल्या दिवशी तो रोजच्यासारखे शंभर वडे तळेल. महिन्याभरात दुसरी कढई आणेल. वर्षभरात मागची भिंत पाडून भटारखाना वाढवेल. त्यात त्याचा काय दोष? मात्र ज्या कोपऱ्यावरच्या मावशी रोज वीसच वडे करतात, त्यांना या योजनेचा फायदाही वीस वड्यांपुरताच. दुधाचं हेच झालं. जो जास्त घालणार, त्याला जास्त मिळणार.

याच्या अडचणी वेळेत दिसल्या नाहीत असं नाही. युरोपियन समुदायाचे कृषी आयुक्त सिको मान्सहोल्ट यांनी १९६८ मध्येच इशारा दिला होता. ते स्वतः डच शेतकरी कुटुंबातले. पण त्यांचा उपाय कडू होता : लहान शेती परवडणारी नाही, तेव्हा सुमारे ५० लाख लोकांनी शेती सोडावी आणि उरलेल्यांनी मोठी शेती करावी. १९७१ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी ब्रसेल्समध्ये कृषिमंत्र्यांच्या बैठकीच्या दालनात चक्क गायी नेऊन उभ्या केल्या. मान्सहोल्ट यांची योजना कापून-छाटून बारीक झाली. लोकांनी शेती मात्र सोडलीच. कुणी सांगितलं म्हणून नाही, परवडेना म्हणून.

इकडे लोणी वाढतच होतं. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं 'बटर माउंटन', लोण्याचा डोंगर. १९८०च्या दशकाच्या मध्यात हा साठा १० लाख टनांच्या वर गेला होता. त्याआधी १९७३ मध्ये ऐन शीतयुद्धात दोन लाख टन लोणी कवडीमोलाने सोव्हिएत रशियाला विकलं गेलं. म्हणजे पश्चिम युरोपच्या करदात्याने पैसे भरायचे आणि ज्याच्या विरोधात फौज उभी केली आहे, त्याच्या पावाला लोणी लावायचं! भुकटीची कथा याहून अजब. दूध काढायचं, खर्च करून वाळवायचं, आणि मग त्यावर अनुदान देऊन ते वासरांच्या खाद्यात मिसळायचं. वासरं ते फुकट प्यायली असती.

आपल्या दुधात त्यांची भुकटी

आता 'गरिबांना वाटा'कडे येऊ. कारण त्या वाटपाच्या रांगेत आपण होतो.

१९७० मध्ये आपल्याकडे 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं. शाळेत 'धवलक्रांती' म्हणून दोन मार्कांना हा प्रश्न असायचा आणि आपण 'डॉ. वर्गीस कुरियन' लिहून मोकळे व्हायचो. पुस्तकात सहसा न येणारी गोष्ट अशी, की या योजनेचं भांडवल युरोपच्या डोंगरातून आलं होतं. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पहिल्या टप्प्यासाठी १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल देण्याचं ठरलं. कुरियन यांना धोका दिसत होता. फुकटचं दूध मुंबई-दिल्लीत वाटलं, तर आणंदच्या किंवा कोल्हापूरच्या शेतकऱ्याचं दूध कोण घेणार? म्हणून त्यांनी ते वाटलं नाही. भुकटीपासून पुन्हा दूध बनवून ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांत इथल्या भावाने विकलं आणि आलेला पैसा दूध संघ, शीतकरण केंद्रं, टँकर यांत घातला. तुमचे आजी-आजोबा त्या काळात मुंबईत असतील, तर त्यांच्या सकाळच्या चहात हॉलंडची किंवा फ्रान्सची एखादी गाय नक्की असणार.

यावर टीकाही झाली. गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली'त लेख लिहून या सगळ्याला 'पांढरं खोटं' म्हटलं. युरोपच्या उरलेल्या मालाची सवय आपल्याला लावली जातेय, असा त्यांचा रोख होता. वाद मोठा झाला. मला विचाराल तर इतकं खरं, की आलेलं दान आपण बाजारभावाने विकू शकलो, कारण ते तसं विकणारी यंत्रणा आपल्याकडे होती.

सगळ्यांकडे ती नसते. आज सेनेगल, बुर्किना फासो अशा पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत युरोपातून एक खास भुकटी जाते. दुधातली मलई काढून घ्यायची, कारण लोण्याला चांगला भाव आहे, आणि तिच्या जागी पामतेल घालायचं. ही भुकटी तिथल्या पशुपालकाच्या ताज्या दुधापेक्षा स्वस्त पडते. गंमत बघा, तिच्याविरुद्ध आफ्रिकी पशुपालकांच्या बाजूने युरोपातलेच शेतकरी उभे राहिलेत. बेल्जियममधल्या शेतकऱ्यांनी 'फेअरबेल' नावाचा स्वतःचा दुधाचा ब्रँड काढला, त्याच धर्तीवर बुर्किना फासोत 'फेअरफासो' निघाला. स्वस्त भुकटी आपल्या गोठ्यातून निघून दुसऱ्याचा गोठा बंद पाडते, आणि तरी आपल्या हातात काही पडत नाही, हे दोघांनाही कळलंय.

भाव पडला की दूध वाढतं!

१९८४ मध्ये युरोपने शेवटी कोटा आणला. प्रत्येक देशाला आणि देशातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठरावीक दुधाची मर्यादा, त्यापुढे घातलंत तर जबर दंड. डोंगर वितळला, हे मान्यच करायला हवं. पण कोट्याने लहान शेतकरी वाचवला, असं समजू नका. अनेक देशांत कोटा ही विकायची-विकत घ्यायची मालमत्ता झाली. थकलेला शेतकरी कोटा विकून बाहेर पडायचा, मोठा तो घ्यायचा, आणि नव्याने धंदा करू पाहणाऱ्या तुमच्या-माझ्या वयाच्या मुलाला गायीच्या आधी कागद विकत घ्यावा लागायचा. १९८४ मध्ये एकट्या पश्चिम जर्मनीत साडेतीन लाखांहून जास्त गोठे दूध घालत होते. आज अख्ख्या जर्मनीत ५० हजारांच्या आसपास उरलेत.

३१ मार्च २०१५ ला कोटा संपला. आता खुला बाजार, चीन दूध पिणार, जग दूध पिणार, असं वातावरण होतं. आयर्लंडने तर २०२० पर्यंत दूध ५० टक्क्यांनी वाढवण्याचं लक्ष्य आधीच जाहीर केलेलं होतं, आणि ते गाठलंही. नेदरलँड्समध्ये नवे गोठे उठले, दूध काढणारे रोबो आले, बँकांनी कर्जं दिली.

आणि नेमका तेव्हाच खड्डा पडला. क्रिमियावरून लादलेल्या निर्बंधांना उत्तर म्हणून रशियाने ऑगस्ट २०१४ मध्ये युरोपचं चीज-लोणी घेणं बंद केलं. चीनची खरेदी मंदावली. २०१४ च्या सुरुवातीला शेतकऱ्याला किलोला ४० सेंटच्या आसपास मिळत होते, ते २०१६ च्या जुलैत २६ सेंटच्या खाली आले. शेतकरी संघटनांच्या हिशोबाने जर्मनीत खर्चच ४० सेंटच्या पुढे होता.

इकॉनॉमिक्सच्या पहिल्या वर्षाला आपण काय शिकतो? भाव पडला की पुरवठा कमी होतो. युरोपात उलट झालं, दूध वाढलं. कारण गाय म्हणजे पंखा नाही, बटण दाबलं की थांबायला. ती रोज दोन वेळा दूध देणार, रोज खाणार. बँकेचा हप्ता दर महिन्याला तेवढाच. मग लिटरमागे कमी मिळत असेल, तर हप्ता भरायला शेतकरी काय करणार? आणखी चार गायी बांधणार. प्रत्येकाचं हे गणित बरोबर असतं, आणि सगळ्यांचं मिळून चुकतं.

त्यात आणखी एक मेख. दूध संघात घातलेल्या दुधाचा नेमका भाव शेतकऱ्याला बरेचदा दूध घातल्यानंतर कळतो. 'खासगी कंपन्या लुटतात' असं म्हणायची आपल्याला सवय आहे, पण युरोपातलं निम्म्याहून जास्त दूध सहकारी संघांकडेच जातं. आर्ला, फ्रीजलँडकॅम्पिना हे सगळे शेतकऱ्यांच्याच मालकीचे. अवाढव्य, जगभर पसरलेले. कागदावर मालक असलेला शेतकरी भाव ठरवण्यात मात्र कुठेच नसतो. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना सहकाराची ही बाजू वेगळी समजावून सांगायला नको.

जुलै २०१६ मध्ये युरोपियन युनियनने एक साधी गोष्ट करून पाहिली. १५ कोटी युरो बाजूला काढले आणि शेतकऱ्यांना सांगितलं, गेल्या वर्षी या तीन महिन्यांत घातलंत त्यापेक्षा जेवढं दूध कमी घालाल, त्याच्या दर किलोला १४ सेंट देऊ. सक्ती नाही. ४० हजारांहून जास्त शेतकरी पुढे आले आणि तीन महिन्यांत आठ लाख टनांहून अधिक दूध कमी झालं. भाव वर यायला लागला. तो निव्वळ या योजनेमुळेच आला असं म्हणता येणार नाही, बाजारही फिरत होता. पण इथे 'जास्त घाला'ऐवजी 'कमी घाला'चे पैसे दिले गेले, आणि शेतकऱ्यांनी त्याला चांगला प्रतिसाद दिला.

तोवर नेहमीची सरकारी खरेदीही चालूच होती. गोदामांत साडेतीन लाख टनांहून जास्त भुकटी जमा झाली. सुरुवातीला बघितलेला 'बर्फ' तो हाच. ती सगळी विकून होईपर्यंत २०१९ उजाडलं. इतका मोठा साठा कुठेतरी पडून आहे हे जगातल्या प्रत्येक खरेदीदाराला माहीत असेल, तर तो जास्त भाव देईल कशाला? २०१४ च्या सुरुवातीला टनाला साडेचार हजार डॉलरच्या वर असलेली भुकटी २०१८ मध्ये दोन हजारांच्या आसपास घुटमळत होती.

आता जुलै २०१८ आठवा. महाराष्ट्रात दुधाचं आंदोलन पेटलं होतं, स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचं दूध अडवलं होतं. शेतकऱ्याच्या हातात लिटरला १७-१८ रुपये पडत होते. आपल्या संघांचं आणि खासगी डेअऱ्यांचं जास्तीचं दूध भुकटीत जातं. ती भुकटी परदेशात विकावी, तर तिथला भाव हा असा. गोदामं भरली, खरेदीचा भाव पडला. एकट्या युरोपमुळे हे झालं असं नाही, आपल्याकडेही तेव्हा दूध भरपूर होतं. पण ब्रसेल्सच्या रस्त्यावरचा पांढरा धुरळा आणि नगर-कोल्हापूरच्या रस्त्यावरचं दूध यांच्यात एक धागा आहे, आणि तो भुकटीच्या भावाचा आहे. सरकारने शेवटी लिटरला पाच रुपयांचं अनुदान दिलं. मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींत युरोपचं दूध आपल्याकडे नको, यावर भारत इतका का अडून बसतो, तेही यावरून लक्षात येईल.

शेणाचा हिशोब

इतका वेळ आपण फक्त पैशांचं बोलतोय. पण दूध वाढतं, तेव्हा शेणही वाढतं.

नेदरलँड्स आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा देश. त्यात दीड लाख नव्हे, दीड दशलक्षाहून अधिक दुभत्या गायी. त्यांचं खाद्य बरंचसं बाहेरून येतं, सोयाबीन ब्राझीलहून. म्हणजे खाणारी गाय इथली, पीक तिकडचं, आणि शेण पुन्हा इथेच. ते शेतात मावत नाही. शेण-मुतातून अमोनिया उठतो, तो हवेतून जंगलांवर, माळांवर बसतो. तिथलं मूळचं गवत, झुडपं मरतात. फॉस्फरस पाण्यात उतरतो.

कोटा गेला त्याच वर्षी डच गोठ्यांनी युरोपने आखून दिलेली फॉस्फेटची मर्यादा ओलांडली. मग २०१७ मध्ये सरकारने सांगितलं, गायी कमी करा, २ जुलै २०१५ ला होत्या तितक्यांवर या. विचार करा, २०१५ मध्ये 'वाढवा' म्हटलं म्हणून कर्ज काढून गोठा बांधला, आणि दोन वर्षांत 'रिकामा करा'! पुढे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजनचे ढिले परवाने रद्द ठरवले. २०२२ मध्ये सरकारने २०३० पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणायचं म्हटलं आणि ट्रॅक्टर हायवेवर आले. मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणारा, स्थापन होऊन चार वर्षंही न झालेला 'बीबीबी' हा पक्ष थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

या बातम्या आपल्याकडे 'पर्यावरणवादी विरुद्ध शेतकरी' अशा येतात. मला तो मथळा पटत नाही. नदी खराब झाली हे खोटं नाही, आणि नदी वाचवायलाच हवी. पण गायी वाढवायला सांगणारं धोरण, कर्ज देणारी बँक आणि स्वस्त भुकटी निर्यात करणारा संघ, यांच्यापैकी कुणाच्या दारात नोटीस येत नाही. ती गोठ्याच्या दारात येते. आणि नवीन नियमांसाठी लागणारी शेणाची बंदिस्त टाकी किंवा अमोनिया रोखणारी यंत्रणा ३०० गायींवर परवडते, ३० गायींवर नाही. म्हणजे पर्यावरणाचा नियमही पुन्हा लहान गोठाच बंद करतो. २००५ ते २०२० या पंधरा वर्षांत युरोपियन युनियनमधली ५३ लाख शेतं बंद झाली, एकूण शेतांच्या तब्बल ३७ टक्के. त्यातली बहुतेक पाच हेक्टरच्या आतली. दुधाचं उत्पादन कमी झालं नाही.

अनुदान मिळतं ना, असं कुणी विचारेल. मिळतं, युनियनच्या बजेटचा साधारण एक तृतीयांश हिस्सा शेतीवर जातो. पण थेट अनुदानातली साधारण ८० टक्के रक्कम वरच्या २० टक्के शेतकऱ्यांकडे जाते, कारण ती मुख्यतः हेक्टरवर मोजली जाते. एका शेतकऱ्याला ठरावीक रकमेच्या वर द्यायचं नाही, असा प्रस्ताव प्रत्येक सुधारणेच्या वेळी येतो आणि वाटाघाटींत पातळ होतो. दुधात पाणी घालण्याची कला तिथेही आहेच.

मग लहान शेतकऱ्याने तग धरलाय असं युरोपात कुठेच नाही का? आहे. फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेवर जुरा डोंगर आहेत. तिथे कोंते नावाचं चीज बनतं. त्याचे नियम वाचताना मला आपल्याकडच्या एखाद्या कडक आजीची आठवण झाली. गाय माँबेलियार्ड किंवा सिमेंटल जातीचीच हवी. मुरघास चालणार नाही, गवत आणि वाळला चाराच. दूध लांबून आणायचं नाही, चीजघराच्या जवळच्या गोठ्यांतूनच. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दर वर्षी एकूण किती चीज बनवायचं ते सगळे मिळून आधीच ठरवतात. त्यापलीकडे नाही. गावागावांतल्या लहान सहकारी चीजघरांवर हा धंदा चालतो, आणि तिथल्या शेतकऱ्याला दुधाचा भाव नेहमीच्या फ्रेंच भावापेक्षा बराच जास्त मिळतो. हे स्वर्ग वगैरे नाही. तिथल्या लू नदीतले मासे मेले तेव्हा बोट कोंतेच्या गायींकडेही दाखवलं गेलं, आणि नियम आणखी आवळण्याचा दबाव आला. पण उत्पादनाला मर्यादा घालून, कमी गायींवर घर चालतं, हे तिथे रोज सकाळी दिसतं.

'सगळ्यांनी मिळून कमी बनवायचं' ही गोष्ट खुल्या बाजाराच्या नियमांत खरं तर बसत नाही. पण असं मानांकन असलेल्या चीजसाठी २०१२ पासून युरोपच्या कायद्यानेच तशी परवानगी दिलीय. पिशवीतल्या साध्या दुधासाठी ती नाही. तिथे 'संकट' आहे हे ब्रसेल्सने मान्य करावं लागतं, तेव्हाच कमी दुधाचे पैसे मिळू शकतात. रशियाने दारं बंद केली ऑगस्ट २०१४ मध्ये. ते १४ सेंट जाहीर झाले जुलै २०१६ मध्ये.